अवाच्य आणि अर्वाच्य

मित्रांनो, ही गोष्ट माझ्या गावापासून सुरू करतो. ईट, तालुका भूम. जिल्हा आज धाराशिव. आमच्या तरुणपणी उस्मानाबाद म्हणायचो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, १९६० ला महाराष्ट्र आला. गावकुसाबाहेरच्या वस्तीच्या तोंडावरचं कुलूप मात्र कुठल्याच सरकारच्या हुकमाने आपोआप निघालं नाही. त्या कुलपाचा इतिहास मला सांगायचा आहे. एका शब्दाच्या निमित्ताने.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही चार पोरं वह्या घेऊन वस्तीत फिरत होतो. म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या काळाची हकीकत लिहून घ्यायची, असं ठरलं होतं. माझ्या आजीपाशी बसलो. इचारलं, "आज्जे, त्या वक्ताला वाड्यावर कामाला जायचीस तवा काय काय सोसलंस?"

आजी म्हणाली, "काय सांगू लेकरा. सांगायजोगं न्हाई ते."

पुन्हा इचारलं. पुन्हा तेच. मी शिकलेला, कॉलेजात मराठी घेतलेलं. मी वहीत वाक्य लिहिलं की आजीचं दुःख अनिर्वचनीय आहे. दोस्तांनी वाहवा केली. पुढच्या चौदा एप्रिलला मी तो मजकूर समाजमंदिरापुढे वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. आजी पुढेच बसली होती. घरी आल्यावर तिने इचारलं, "ते कोणचा शब्द म्हणलास रं? त्याचा अर्थ काय?"

मी म्हणालो, "म्हंजी सांगता येत न्हाई असं."

आजी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "येत न्हाई असं कवा म्हणलं म्या? मला समदं येतंय सांगाया. सांगायची चोरी व्हती, म्हणलं म्या."

सांगता न येणं आणि सांगायची चोरी असणं. माझ्या एका संस्कृत शब्दाने या दोहोंतला फरक गिळून टाकला होता. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. कुठून आला, कुणी वापरला, कशासाठी वापरला. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

*

'वच्' म्हणजे बोलणे. त्याच्यापासून वाच्य, म्हणजे बोलण्याजोगे. त्याला नकार लावला की अवाच्य. संस्कृतात या अवाच्यचे पहिल्यापासून दोन अर्थ आहेत. एक, जे शब्दात सांगताच येत नाही ते. दुसरा, जे तोंडातून काढू नये, जे बोलणं शिष्टांना शोभत नाही ते. पहिला अर्थ ब्रह्माच्या वाट्याला गेला. उपनिषदं सांगतात की तिथपर्यंत वाणी पोचत नाही, वाटेतूनच परत फिरते. दुसरा अर्थ मराठीत येताना डोक्यावर एक रफार घेऊन आला आणि 'अर्वाच्य' झाला. हा अर्वाच्य तुम्ही रोज पेपरात वाचता. 'अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली.' एकाच शब्दाची दोन लेकरं. एक देव्हाऱ्यात, दुसरं पोलीस ठाण्यात.

अनिर्वचनीय या शब्दाची तर वेगळीच गंमत आहे. आज आपण म्हणतो, अनिर्वचनीय आनंद, अनिर्वचनीय शांती. पण अद्वैत वेदान्तात, म्हणजे आठव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेल्या शंकराचार्यांच्या परंपरेत, हा शब्द आनंदासाठी बनलेला नव्हता. तो मायेसाठी होता. अंधारात दोरी पडलीय, माणसाला साप दिसतो. तो साप खरा म्हणावा तर दिवा आणल्यावर नाहीसा होतो. खोटा म्हणावा तर माणसाला घाम फुटला तो खराच. खराही म्हणता येत नाही, खोटाही म्हणता येत नाही, म्हणून तो अनिर्वचनीय. आणि आपल्यापुढे दिसणारं सगळं जगही त्याच जातीचं, असं हे तत्त्वज्ञान सांगतं.

आता मित्रांनो, हे आपल्या अंगाने वाचून बघा. पाणवठ्यावर मार खाल्लेल्या माणसाला सांगायचं की हे जग खरं म्हणता येत नाही आणि खोटंही म्हणता येत नाही! त्याच्या पाठीवरचा वळ कुठल्या खात्यात मांडायचा? त्याच्यावर उत्तर तयार असतं की व्यवहारापुरतं जग खरंच आहे. बरं. मग व्यवहारात काय आहे ते बघू. त्याच शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही हे सिद्ध करणारं एक प्रकरण आहे. चोरून वेद ऐकणाऱ्याच्या कानात शिसं आणि लाख ओतण्याची स्मृतीतली शिक्षा तिथे आधार म्हणून दिलेली आहे. म्हणजे ज्या वस्तूपर्यंत शब्द पोचतच नाहीत असं सांगितलं, त्या वस्तूकडे जाणाऱ्या शब्दांवर एवढा कडक पहारा! पोचतच नसतील तर राखण कशाची करत होता?

*

हा शब्द मायेकडून आनंदाकडे कसा सरकला? भक्तीच्या वाटेने. नारदाच्या नावावर असलेल्या भक्तिसूत्रांत प्रेमाचं स्वरूप अनिर्वचनीय म्हटलं आहे आणि लगेच दाखला दिला आहे तो मुक्याने घेतलेल्या चवीचा. आपल्याकडे कीर्तनात हाच दाखला गुळाचा होतो. मुक्याने गूळ खाल्ला, गोड तर लागला, पण सांगणार कसा?

दाखला चांगला आहे. पण कीर्तनकाराला कधी दुसरा प्रश्न सुचला नाही. मुक्याला कुणी गुळाऐवजी विष चारलं तर? तेही त्याला सांगता येणार नाही. आणि तो जन्माचा मुका नसून त्याचं तोंड बांधलेलं असेल तर?

१२९० ची ज्ञानेश्वरी आपल्या बोलीत आली, ही मोठी गोष्ट होती हे मी नाकारत नाही. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात तर शब्दखंडन नावाचं आख्खं प्रकरण आहे. शब्द अपुरा आहे हे ते शब्दांनीच सांगतात. पण शब्दाला अपुरं म्हणायची चैन त्यालाच परवडते ज्याच्या हातात शब्द आहेत. चोखामेळ्याची गोष्ट निराळी. मंगळवेढ्याच्या या महाराला, जो १३३८ साली गावकुसाच्या भिंतीचं काम करताना ती अंगावर पडून मेला, देवाचं वर्णन करायला शब्द कमी पडले असतीलही. पण विटाळाचं नाव घ्यायला कमी पडले नाहीत. त्याच्या बायकोने, सोयराबाईने तर विटाळ कुठून येतो हा सवाल सरळ देहाच्या जन्मापर्यंत नेऊन भिडवला. ज्यावर बोलणं अशिष्ट, त्यावर ती बोलली. वर अवाच्य आणि खाली अर्वाच्य अशी जी मांडणी होती, तिला पहिला धक्का या माणसांनी दिला. तो पुरा पडला नाही, कारण सवाल देवाला केला होता आणि देव त्यावर गप्प बसला.

*

गप्प बसण्याचाही एक इतिहास आहे. आमच्याच जिल्ह्यात तेर आहे. जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात त्याचं नाव येतं. तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ बघून या. त्याची गजपृष्ठाकार घडण मुळात बौद्ध चैत्याची आहे, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या मातीत आपण जन्मलो तिथे एके काळी बुद्धाचे शब्द आणि बुद्धाचं मौन दोन्ही ठाऊक होतं.

बुद्धाच्या मौनालाही एक शब्द आहे. पाली भाषेत अव्याकत. म्हणजे ज्याचा खुलासा केला नाही, उत्तर न देता बाजूला ठेवलं ते. मालुंक्यपुत्त नावाचा भिक्खू बुद्धाला अडवून बसला. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एक की वेगळे, तथागत मेल्यावर उरतो की नाही, असे ते दहा प्रश्न. उत्तर द्या, नाहीतर मी संघ सोडतो. बुद्धाने त्याला बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. विषारी बाण घुसलाय, वैद्य समोर उभा आहे, आणि हा म्हणतो की बाण मारणारा कोणत्या जातीचा, उंच की बुटका, धनुष्य कशाचं, पीस कोणत्या पक्ष्याचं, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही. तो माणूस उत्तर मिळायच्या आत मरेल.

लक्षात घ्या, बुद्ध असं म्हणत नाही की या गोष्टी फार थोर आहेत म्हणून सांगता येत नाहीत. तो म्हणतो, त्यांनी दुःख कमी होत नाही म्हणून मी सांगत नाही. आणि पुढे लगेच सांगतो की मी काय सांगितलं आहे: दुःख, दुःखाचं कारण, दुःखाचा अंत आणि अंताचा मार्ग. म्हणजे बाजारच उलटा झाला. वेदान्ताने ब्रह्म अवाच्य ठरवलं आणि त्याच्याभोवती ग्रंथ रचले. बुद्धाने तो ढीग बाजूला सारला आणि जे रोज भोगावं लागतं त्याचं नाव घेतलं. बाबासाहेबांनी १९५६ साली हा मार्ग का धरला, याची अनेक कारणं आहेत. मला त्यातलं एक हेही दिसतं की या धम्मात दुःख बोलण्याजोगं आहे.

*

आता अर्वाच्यकडे येऊ.

१८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चात ज्ञानोदय पत्रात एक निबंध आला. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांगाची पोर. विषय मांग-महारांचं दुःख. तालीमखान्यापुढून गेलेल्या महारामांगाचं डोकं उडवून बाजीरावाच्या राज्यात त्याचा चेंडू खेळत, हे तिने लिहिलं. आपल्या बायका उघड्यावर, छपराशिवाय बाळंत होतात, तेव्हा थंडीपावसात त्यांचं काय होतं हे तिने लिहिलं. शाळेत जाऊन तीनच वर्षं झालेल्या पोरीला हे सांगता आलं. मग कोण म्हणतं की ते सांगण्यापलीकडचं होतं?

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले. नाव मूकनायक. वर तुकोबांचा अभंग, भीड टाकून तोंड उघडण्याचा. या नावातला मूक हा गूळ खाल्लेला मुका नाही. हा तोंड बांधलेला मुका आहे. सातशे वर्षं कीर्तनात फिरलेला शब्द एका मथळ्याने पायावर उभा केला.

पुढे एकोणीसशे तीसच्या दशकात बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या १९९० साली पुस्तिका म्हणून निघाल्या. वाचणारा परका आहे, अस्पृश्यता त्याला कशी कळेल, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. त्यांनी काय केलं? 'शब्दात सांगता येत नाही' असं एकदाही न म्हणता प्रसंग सांगत गेले. लहानपणी मसूर स्टेशनवर अडकलेली भावंडं, आणि पाण्यावाचून काढलेली ती रात्र. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकललं ते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी नकार दिला, वस्तीतल्याच नवख्या माणसाने टांगा हाकला आणि पडून पाय मोडला ते. आणि आपल्या मराठवाड्यातलं, १९३४ सालचं दौलताबाद. रमजानचे दिवस. किल्ल्याच्या वेशीशी पाण्याने भरलेलं टाकं. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी हातपाय धुतले आणि एक म्हातारा ओरडत आला की यांनी टाकं बाटवलं. बाबासाहेबांनी त्याच्या तोंडची जातीची शिवी तशीच लिहिली आहे. मालुंक्यपुत्ताचे दहा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले. बाण कुठे घुसला ते बोट ठेवून दाखवलं.

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. बाबासाहेब स्वतः आले होते. वतन हा शब्द बघा. कानाला कसा मानाचा लागतो! त्या शब्दाखाली काय होतं? रात्रीबेरात्री सांगावा घेऊन धावणं, गावाचा राबता, मेलेलं जनावर ओढणं, आणि मोबदल्यात दारोदारची शिळी भाकर. १९२८ मध्येच बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडून या मानाच्या शब्दाची चिरफाड केली होती. जिथे शिवी अर्वाच्य म्हणून झाकली जाते, तिथे वेठही वतन म्हणून झाकली जाते. दोन्ही झाकणंच.

*

राज्यघटनेचं १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट करतं. पण अस्पृश्यता म्हणजे काय, हे त्या कलमात सांगितलेलं नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हे कलम आलं तेव्हाही व्याख्या कुठे आहे असा आक्षेप निघाला होता. कलम तसंच मंजूर झालं. मला त्यात शहाणपण दिसतं. व्याख्या केली असती तर व्याख्येबाहेरची पळवाट त्याच दिवशी शोधली गेली असती. कोणत्याही स्वरूपातली अस्पृश्यता, असं कलम म्हणतं.

पण ठाण्यात आणि कोर्टात नुसत्या अवतरणातल्या शब्दावर भागत नाही. १९५५ चा कायदा आला, १९७६ ला तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. त्याने यादीच केली: खाऊ नये ते खायला लावणं, नागवं करून धिंड काढणं, जमीन बळकावणं. २०१५ च्या दुरुस्तीत आणखी भर पडली: चपलांचा हार घालणं, डोकं भादरणं, मिशी काढणं. कायद्याची भाषा कोरडी असते म्हणतात. मला ही यादी वाचताना ती कोरडी वाटत नाही. ज्याला शतकानुशतकं 'सांगायजोगं न्हाई' म्हटलं, ते इथे एकेक करून कलमात लिहिलेलं आहे.

इथे मला माझी चूक सांगायची आहे. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या एका पोराला भर चौकात, लोकांदेखत, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. तक्रारीचा अर्ज मी लिहिला, कारण अक्षर माझं चांगलं. मी लिहिलं, 'अर्वाच्य भाषेत जातिवाचक शिवीगाळ केली.' पोरगं म्हणत होतं, "दादा, शब्द लिव्हा ना." मी म्हणालो, "ते घाण शब्द कशाला कागदावर?" मला लाज वाटत होती. शिवी देणाऱ्याला वाटली नव्हती, ती मला वाटत होती! प्रकरण उभं राहिलं तेव्हा पहिला सवाल तोच आला: नेमकं काय म्हणाले? अर्जात ते नव्हतं. नंतर सांगितलं तर म्हणाले, मागाहून रचलंय. केस गेली. पोरगं मला काही बोललं नाही, पण पुढे वस्तीतल्या कार्यक्रमाला आलं नाही.

२०२३ साली उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जातीवरून अपमान झाला म्हणता, तर काय उच्चारलं ते फिर्यादीत नाहीतर निदान दोषारोपपत्रात यायला हवं, आणि ते लोकांच्या नजरेसमोर घडलेलं हवं. त्या निकालाबद्दल तुमचं माझं मत काहीही असो, अर्ज लिहिणाऱ्याने तो ध्यानात ठेवलाच पाहिजे. अर्वाच्य हा शब्द शिवी देणाऱ्याला वाचवतो. तो त्याच्या तोंडातली घाण पुसून कागद स्वच्छ ठेवतो.

साहित्यातही हेच झालं. १९७२ ला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा अनेकांना भाषा झोंबली. पण प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की कितीतरी शब्द आपल्याला ठाऊकच नाहीत. ते ढसाळांबरोबर तो भाग बघायला गेले. ज्या जगाचे शब्द तुम्हाला ठाऊक नाहीत ते जग अनिर्वचनीय नसतं. त्याचे शब्द तुम्ही शिकलेले नसता, इतकंच.

आणि नावाचीही चोरी असते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मारली गेली. ते नाव पाटीवर लिहायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. एका नावाचा उच्चार व्हायला साडेपंधरा वर्षं.

*

तर आता वही घेऊन फिरणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं.

कुणी 'सांगता येत नाही' म्हणालं की तिथे थांबून विचारा, कोणत्या अर्थाने? शब्द सापडत नाहीत, म्हणून? मग घाई करू नका, त्यांच्या बोलीतले शब्द येऊ द्या, तुमचा पुस्तकी शब्द मधे घालू नका. बोलायची चोरी आहे, म्हणून? मग चोरी कुणाची, भीती कुणाची, ते आधी समजून घ्या, आणि त्या माणसाच्या पाठीशी किती जण उभे राहणार आहेत ते मोजा. माणूस बोलून बसेल आणि तुम्ही एस्टीने निघून जाल, असं करू नका. प्रश्नच फुकाचा आहे, म्हणून? मग बुद्धासारखा तो बाजूला ठेवा. आणि तक्रार लिहिताना तारीख, वेळ, जागा, हजर माणसं आणि तोंडातून निघालेला शब्द, जसाच्या तसा. लाज त्या शब्दाच्या धन्याची आहे, तुमची नाही.

चौथाही एक अर्थ आहे. तो मला आजीनेच शिकवला.

त्या चौदा एप्रिलनंतर काही महिन्यांनी मी पुन्हा तिच्यापाशी बसलो. या वेळी वही मिटलेली होती. मी इचारलं, "आज्जे, चोरी कुणाची व्हती?" मग ती बोलली. दोन रात्री बोलली. कुठल्या महिन्यात कुठल्या खळ्यावर राबली, किती पायल्या जोंधळा ठरला आणि पदरात किती पडला, ओंजळीत पाणी किती उंचीवरून ओतायचे, हाक मारताना काय नावाने मारायचे. एकेक गोष्ट तारखेवार नाही, पण सणावारानुसार नेमकी. तिला एकदाही शब्द अडला नाही. अडखळत होतो मी.

शेवटी तिने एक गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "ही लिवू नगं. ही माझी हाय."

ती मी लिहिली नाही. आजी गेली, तरी लिहिलेली नाही. तिने ती गोष्ट स्वतःच्या मर्जीने राखली होती. चोरी उठल्यावरच माणसाला अशी मर्जी करता येते.

बाकी सगळं वहीत आहे. 'अनिर्वचनीय' हा शब्द होता त्या ओळीवर मी काट मारली आणि खाली तिच्या शब्दात लिहिलं, सांगायची चोरी व्हती.

जयभीम.